ताटातील मीठ आणि राष्ट्राचे आरोग्य

भोजनाचे पान वाढताना प्रथम मीठ वाढावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पानाच्या वरच्या अंगास चिमूटभर मीठ, डाव्या हातास लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर व लोणचे, उजव्या हातास भाजी आणि आमटी, अशी ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र मीठ वाढत नाहीत. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा इमानाचा अर्थ सांगणारा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या सीमाभागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेथे एका घरात जे ‘मीठ’ असते तेच शेजारच्या घरात ‘उप्पु’ असते. मिठाहून मोठी रुची नाही आणि आईहून जवळचे नाते नाही, अशा अर्थाची म्हण कन्नड भाषिकांच्याही तोंडी आहे.

ज्या पदार्थाला दोन्ही भाषांनी एवढा मान दिला, त्याच पदार्थाचे प्रमाण कमी करावे, असे आज देशाचे आरोग्यधोरण सांगत आहे. ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. यास्तव हे धोरण काय आहे, ते कशासाठी आखले गेले आणि ते पार पाडण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणावर येते, याची माहिती ग्रामीण जनतेस, शिक्षकांस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस असणे अगत्याचे आहे.

दुर्मीळ मीठ आणि स्वस्त मीठ

समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर वसलेल्या या प्रदेशात मीठ पिकत नाही. पूर्वी ते कोकणातून व गोव्यातून बैलांच्या पाठीवर लादून घाट चढून येत असे. लमाणांचे तांडे धान्य खाली नेत आणि मीठ वर आणीत. वाहतुकीचा खर्च आणि त्यावर सरकारी कर यांमुळे गरिबाच्या घरी मीठ जपून वापरले जाई. मिठावरील कराविरुद्ध १९३० साली महात्मा गांधींनी दांडी येथे सत्याग्रह केला आणि त्याच वर्षी वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथेही मिठाचा सत्याग्रह झाला. गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ त्याला मोकळेपणी मिळावे, हा त्या लढ्यामागील आशय होता. १९४७ साली हा कर रद्द झाला.

आज मीठ ही वाण्याच्या दुकानातील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. हा निःसंशय लाभच आहे. तथापि जी वस्तू मोजून वापरावी लागत होती, ती आता मूठ भरून वापरली जाऊ लागली. त्याखेरीज फरसाण, चिवडा, वेफर्स, झटपट शेवया, बिस्किटे, पाव अशा तयार पदार्थांतूनही मीठ पोटात जाते. मिठाची टंचाई दूर झाली, पण त्याच्या अतिरेकाचा प्रश्न उभा राहिला.

मीठ शरीरात काय करते

मिठाचे शास्त्रीय नाव सोडियम क्लोराइड असे आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. पाच ग्रॅम मीठ खाल्ले म्हणजे सुमारे दोन ग्रॅम सोडियम शरीरात जाते. सोडियम हे शरीराला आवश्यक आहे. मज्जातंतूंचे कार्य, स्नायूंची हालचाल आणि शरीरातील पाण्याचा समतोल त्यावर अवलंबून असतो. मात्र त्याची गरज अल्प असते आणि जास्तीचे सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांना करावे लागते.

सोडियम पाणी धरून ठेवते. शरीरात सोडियम वाढले की रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण वाढते आणि वाहिन्यांच्या भिंतींवर अधिक दाब पडतो. शेतातील पाइपात पंपाने क्षमतेपेक्षा अधिक दाबाने पाणी सोडले, तर प्रथम काही दिसत नाही. कालांतराने सांधे ढिले होतात आणि एके दिवशी पाइप फुटतो. रक्तवाहिन्यांचेही काहीसे असेच होते. दाब सतत वाढलेला राहिला तर त्या कठीण होतात, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि मेंदूतील वाहिनी तुंबली किंवा फुटली म्हणजे पक्षाघाताचा झटका येतो.

उच्च रक्तदाबाचा मोठा धोका असा की तो बहुधा दुखत नाही. ताप येत नाही, कळ येत नाही, मनुष्य नेहमीप्रमाणे शेतावर जातो, बाजार करतो. एखाद्या घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री सकाळी उठताना एका बाजूने लुळी पडते, तेव्हाच घरच्यांना या विकाराचा पत्ता लागतो. औषधोपचार, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या खेपा आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबाला पुढे वर्षानुवर्षे वाहावा लागतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व पुरुषांपैकी २४ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. म्हणजे साधारणतः चार-पाच प्रौढ व्यक्तींमागे एक असे हे प्रमाण पडते. रक्तदाब वाढण्यास वय, आनुवंशिकता, वजन, तंबाखू, मद्य व व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे आहेत. त्यांपैकी मीठ हे असे कारण आहे की जे प्रत्येक घराला स्वतःच्या हाताने व कोणताही खर्च न करता कमी करता येते.

राष्ट्रीय उद्दिष्ट

प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढ्या मिठाच्या आत राहावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य परिषदेत सदस्य राष्ट्रांनी लोकसंख्येच्या सरासरी मीठसेवनात २०२५ पर्यंत ३० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. भारताने असांसर्गिक रोगांविषयीच्या आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टांत त्याचा समावेश केला आणि २०१७ ते २०२२ या कालावधीच्या बहुक्षेत्रीय कृती आराखड्यात आरोग्य खात्याबरोबर इतर खात्यांचाही सहभाग अपेक्षिला.

कोणतेही धोरण आखण्यापूर्वी प्रत्यक्ष स्थिती मोजावी लागते. २०१७-१८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लघवीच्या तपासणीवरून मिठाचे सेवन अजमावण्यात आले. तेव्हा सरासरी दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात जाते असे आढळले. पुरुषांत हे प्रमाण सुमारे नऊ ग्रॅम व स्त्रियांत सुमारे सात ग्रॅम होते. तंबाखू सेवन करणाऱ्यांत ते सरासरीपेक्षा किंचित अधिक आढळले. निपाणीचे नाव तंबाखूच्या वखारींमुळे सर्वदूर झाले आहे. त्या परिसराने ही बाब विशेष ध्यानात ठेवावी, कारण वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू हे दोन्ही एकत्र आले म्हणजे हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका अधिकच बळावतो.

मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात जग या उद्दिष्टाच्या मागे पडले असल्याचे स्पष्टपणे नमूद केले होते. २०२५ चे वर्ष उलटले, तरी उद्दिष्टाची गरज संपलेली नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही मिठावर मर्यादा ठेवण्यास सांगितले आहे.

इतर देशांचा अनुभव

मीठ कमी करणे ही अशक्य गोष्ट आहे काय? इतर देशांचा अनुभव तसा नाही. फिनलंड देशात हृदयविकाराने अकाली मृत्यू पावणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. त्या देशाच्या नॉर्थ कारेलिया या प्रांतात १९७२ साली लोकसहभागाचा एक प्रकल्प सुरू झाला आणि पुढे मीठ कमी करण्याचे काम राष्ट्रव्यापी झाले. १९९३ पासून अतिखारट पदार्थांच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे तेथे बंधनकारक करण्यात आले. ब्रिटनमध्ये शासनाने कारखानदारांशी बोलणी करून पाव व इतर तयार पदार्थांतील मीठ टप्प्याटप्प्याने कमी करविले. २००१ च्या सुमारास दरडोई साडेनऊ ग्रॅम असलेले प्रमाण २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आले. हा बदल इतक्या सावकाश घडविण्यात आला की खाणाऱ्यांच्या जिभेला तो फारसा जाणवला नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१३ साली कायदा करून पाव व अन्य पदार्थांतील मिठाला मर्यादा घातली आणि २०१६ पासून ती अमलात आणली.

या सर्व देशांत मिठाचा मोठा वाटा कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या अन्नातून मिळतो. त्यामुळे थोड्या कारखानदारांशी करार केला किंवा एक कायदा केला की लक्षावधी ताटांतील मीठ एकदम उतरते. आपल्याकडील स्थिती वेगळी आहे, आणि राष्ट्रीय धोरणाचा विचार करताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

आपले मीठ कोठून येते

भारतात मिठाचा बहुतांश भाग घरच्या स्वयंपाकातून पोटात जातो. सीमाभागातील घरोघरीच्या जेवणाकडे पाहिले तर हे सहज पटेल. ज्वारीची भाकरी बहुधा बिनमिठाची असते, ही आपल्या आहारातील मोठी जमेची बाजू आहे. परंतु त्या भाकरीबरोबर जे खाल्ले जाते त्यात मिठाचे ठिकठिकाणी साठे असतात. उन्हाळ्यात संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची आणून डंकावर कांडून घेतलेली वर्षाची चटणी घेतली तर ती टिकावी म्हणून तिच्यात आधीच मीठ घातलेले असते. ती कालवणात पडते आणि तरीही कालवणात वरून पुन्हा मीठ पडते. रंजका, खर्डा, शेंगदाण्याची, जवसाची व कारळ्याची चटणी, आंब्याचे लोणचे, ताकातली मिरची, सांडगे व पापड यांचीही तीच गोष्ट. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातही सोडियम असते. घाटाखालून येणारा खारा बांगडा व इतर खारवलेले मासे यांचा येथे उल्लेख केलाच पाहिजे.

बाजारच्या दिवशी खाल्ले जाणारे भडंग, मिरची-भजी, मिसळ व फरसाण यांतून मिठाची आणखी भर पडते. चिरमुरे तयार करतानाच त्यांना मिठाच्या पाण्याचा हात दिला जातो. त्यांचे भडंग करताना मीठ पुन्हा घातले जाते. अशा रीतीने एकाच पदार्थात दोनदा-तीनदा मीठ पडते आणि प्रत्येक वेळी ते थोडेच वाटते. दिवसाच्या आठ ग्रॅमांचा हिशेब असा नकळत जमतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या देशात मीठ कमी करण्याच्या धोरणाचा निम्म्याहून अधिक भाग चुलीपाशीच अमलात यावयाचा आहे. शासन नियम करील, प्रचार करील, तपासणी करील; परंतु आमटीत किती मीठ पडावे याविषयी कायदा करता येत नाही.

आयोडिनचा धडा

मिठाबाबत राष्ट्रीय धोरण राबविण्याचा प्रसंग देशावर प्रथमच आलेला नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या भागात गलगंडाचा विकार मोठ्या प्रमाणावर होता. आहारातील आयोडिनची उणीव हे त्याचे कारण. कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या प्रयोगात आयोडिनयुक्त मिठाचा गुण सिद्ध झाला आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू करण्यात आला. १९९२ साली त्याची व्याप्ती वाढवून त्याला आयोडिन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे नाव देण्यात आले. २००६ पासून आयोडिनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर मनाई आहे. आज खेड्यातील लहानशा दुकानातही आयोडिनयुक्त मिठाचा पुडा मिळतो, हे त्या धोरणाचे यश होय.

त्या कार्यक्रमात आयोडिन कारखान्यात मिसळावयाचे होते. गृहिणीस आपली सवय बदलावी लागली नाही. आताच्या कार्यक्रमात सवयच बदलावयाची असल्यामुळे तो अधिक कठीण आहे. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मीठ कमी करावयाचे याचा अर्थ आयोडिनयुक्त मीठ सोडावयाचे असा नाही. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्या मेंदूच्या वाढीसाठी आयोडिन अत्यावश्यक आहे. म्हणून मीठ थोडे वापरावे, पण ते आयोडिनयुक्तच असावे, पुडा कोरड्या व झाकणबंद बरणीत ठेवावा आणि चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावा.

शासनाच्या बाजूचे काम

कारखान्यातील अन्नाचा वाटा आज लहान असला तरी तो वाढत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे वेष्टनबंद पदार्थांवर सोडियमचे प्रमाण नमूद करणे आवश्यक आहे. हा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम असे लिहिले असेल, तर त्यात दोन ग्रॅम मीठ आहे असे समजावे. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा दोन-पंचमांश भाग एका पाकिटातच संपला. याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये ‘ईट राइट इंडिया’ ही मोहीम सुरू केली आणि मीठ, साखर व तेल ‘आजपासून थोडे कमी’ करण्याचा संदेश दिला. शाळेच्या आवारात व आवारापासून ५० मीटरच्या आत अतिखारट, अतिगोड व अतितेलकट पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या दुसऱ्या एका नियमावलीने मनाई केली आहे.

रोगनिदानाच्या बाजूने, ३० वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेह यांसाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम देशभर राबविला जात आहे. आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन माहिती भरून घेतात आणि उपकेंद्रात तपासणी होते. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. कर्नाटकात घरपोच तपासणीची ‘गृह आरोग्य’ योजना २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यापासून सुरू झाली. ज्याला औषध सुरू झाले आहे त्याने मीठ कमी केले म्हणून गोळी बंद करू नये, आणि गोळी चालू आहे म्हणून मीठही वाढवू नये.

घरचा हिशेब

आपल्या घरात किती मीठ खपते हे जाणून घेण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडताना त्यावर तारीख लिहावी आणि तो संपेल त्या दिवशी पुन्हा तारीख लिहावी. घरात पाच प्रौढ माणसे असतील, तर दरडोई पाच ग्रॅमप्रमाणे महिन्याला ७५० ग्रॅम मीठ पुरते. आठ ग्रॅमप्रमाणे तेच १,२०० ग्रॅम होते. म्हणजे पुडा चाळीस दिवस चालला पाहिजे; तो पंचवीस दिवसांत संपत असेल तर घर राष्ट्रीय सरासरीवर आहे असे समजावे. चटणी, लोणचे व बाहेरचे खाणे यांतून जाणारे मीठ या हिशेबात येत नसल्याने पुडा चाळीस दिवसांहून अधिक टिकल्यास उत्तम. लहान मुलांची गरज प्रौढांपेक्षा कमी असते हेही लक्षात घ्यावे.

प्रमाण एकदम निम्म्यावर आणू नये. तसे केल्यास जेवण अळणी लागते, घरात कुरकुर होते आणि चौथ्या दिवशी जुनी सवय परत येते. मीठ घालण्याचा चमचा ठरवून घ्यावा, अंदाजाने मूठ घालणे सोडावे आणि दर पंधरवड्यास थोडे थोडे कमी करावे. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते. चटणी ज्या कालवणात पडणार त्यात मीठ सर्वांत शेवटी व चव पाहून घालावे. लिंबू, आमसूल, चिंच, लसूण, आले, कोथिंबीर व जिरे यांनी रुची वाढते आणि मिठाची उणीव भासत नाही. भात शिजविताना व कणीक मळताना मीठ टाळता येते. खारे मासे पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. पापड व लोणचे रोजच्या ताटातून काढून सणावारास ठेवावे. पानात वाढलेले वरचे मीठ रीत म्हणून अगदी अल्प वाढावे; घरातील मोठ्यांनी ते कालवून घेण्याचे सोडले की मुलेही सोडतील. पालेभाज्या, कडधान्ये व फळे यांतून पोटॅशियम मिळते आणि ते रक्तदाब उतरण्यास साह्य करते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. घरात एकास रक्तदाब असल्याचे कळले म्हणजे त्याच्यासाठी वेगळे अळणी शिजविले जाते आणि इतरांचे जेवण पूर्ववत राहते. यात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे काम दुप्पट होते, रुग्णाला ते जेवण शिक्षेसारखे वाटते आणि तो ते लवकरच सोडून देतो. मिठाचा बदल सबंध घराने एकत्र केला तरच तो टिकतो. आमटी अळणी झाली म्हणून सुनेला बोल लावण्याची रीतही यापुढे सोडून द्यावयास हवी, कारण घरातील पुरुषांनी व वडीलधाऱ्यांनी साथ दिल्याखेरीज कोणतीही गृहिणी मिठाचा हात आखडता घेण्याचे धाडस करणार नाही.

काही शंका

उन्हात राबणाऱ्यास घाम येतो, म्हणून त्याला जास्त मीठ हवे, असा समज सर्वत्र आहे. घामातून मीठ जाते हे खरे. परंतु उन्हाच्या कामाची सवय झालेल्या शरीराच्या घामातून ते कमी जाते आणि नेहमीच्या जेवणातून मिळणारे मीठ बहुतेकांस पुरेसे असते. ऊसतोडीच्या किंवा मळणीच्या कामावर पाण्याची व पातळ ताकाची सोय अधिक महत्त्वाची आहे. जुलाब झाल्यास दिले जाणारे क्षारसंजीवनीचे द्रावण हे औषध आहे. मीठ कमी करण्याच्या नावाखाली त्याच्या प्रमाणात बदल करू नये.

सैंधव, काळे मीठ किंवा खडे मीठ निरुपद्रवी असते, ही समजूतही बरोबर नाही. त्या सर्वांत मुख्य भाग सोडियम क्लोराइडचाच असतो आणि पुष्कळदा आयोडिन नसते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. मीठ घरच्या स्वयंपाकातच पडते अशा खेड्यांतील हा अनुभव असल्याने तो आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस व रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांस जास्तीचे पोटॅशियम घातक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे मीठ वापरू नये.

शाळा व गाव यांचे कार्य

घरची सवय बदलण्याचा एक मार्ग शाळेतून जातो. चीनमधील चांगझी शहरातील २८ प्राथमिक शाळांत दहा वर्षे वयाच्या मुलांना मिठाचे धडे देण्यात आले आणि ते घरी सांगण्यास त्यांना प्रवृत्त करण्यात आले. एका सत्रानंतर या मुलांच्या घरातील प्रौढांचे मीठसेवन धडे न दिलेल्या शाळांच्या तुलनेत दिवसाला २.९ ग्रॅमने कमी झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांना पुड्यावरील तारखेचा हिशेब हा गणिताचा उत्तम पाठ होईल. पुडा किती दिवस चालला, घरात माणसे किती, दरडोई दररोजचे मीठ किती, हा भागाकार प्रत्येक मुलाने वहीत मांडावा आणि सत्राच्या अखेरीस पुन्हा मांडावा. मराठी शाळेतील व कन्नड शाळेतील मुलांचे उत्तर एकाच एककात येईल.

कर्नाटकातील अक्षर दासोह योजनेच्या आणि महाराष्ट्रातील शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरांत मीठ मापाने घालण्याची शिस्त लावता येईल. अंगणवाडी सेविकांनी मातांच्या बैठकीत आणि स्त्रियांच्या बचत गटांनी पापड-चटणीच्या उत्पादनात हा विषय घ्यावा. गटाने तयार केलेल्या पापडात मीठ व पापडखार थोडा कमी करून पाहणे व त्याचा टिकाऊपणा तपासणे हा एक उपयुक्त प्रयोग ठरेल. ग्रामपंचायतींनी जत्रेच्या व बाजाराच्या दिवशी रक्तदाब तपासणीची सोय आरोग्य केंद्राच्या साह्याने करावी. उपाहारगृहांच्या चालकांनी मिठाची डबी प्रत्येक मेजावर न ठेवता मागणाऱ्यासच द्यावी.

या कामासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. कारखान्यांवर नियमांचा अंकुश ठेवणे, वेष्टनांची तपासणी करणे आणि औषधे पुरविणे ही शासनाची जबाबदारी आहे. परंतु तीन ग्रॅमांचा जो फरक देशाला भरून काढावयाचा आहे, तो बहुतांशी घराघरांतील चमच्यावर अवलंबून आहे. नवा पुडा फोडताना त्यावर आजची तारीख लिहून प्रत्येक कुटुंबाने या राष्ट्रीय कार्याचा आपला वाटा आजपासूनच उचलावा.